गांगुलपाऱ्याची फेरी : जंगल, माळ आणि परत पाळीवर

बालाघाटात राहणाऱ्याला डोंगर म्हटले की दोनच गोष्टी आठवतात. एक, बैहरला जाताना घाटातल्या वळणांवर लागणारी बस. आणि दुसरी, गांगुलपाऱ्याची सहल. सहल म्हणजे तलावाच्या पाळीवर सतरंजी, डबे, पोरांचा दंगा, धबधब्याला पाणी असेल तर तिथे फोटो, आणि चार वाजता घरी. पाळीच्या मागे जो डोंगर उभा आहे त्यात पाय ठेवलेला माणूस आपल्या मंडळात शोधावा लागतो. मीही साठी उलटेपर्यंत ठेवला नव्हता. जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग अनेक वर्षे नक्षलवादाच्या सावटाखाली होता, त्याआधी वाघाची भीती होती (ती अजूनही असावी), त्यामुळे आमच्या पिढीने लहानपणापासून "जंगलात जायचे नाही" एवढेच ऐकले.

गेली तीन वर्षे आम्ही काही जण हिवाळ्यात तिथे एक फेरी मारतो. फेरीच म्हणतो, चढाई नाही. शिखर गाठायचे नाही, झेंडा लावायचा नाही. देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी डोंगराच्या एका सोंडेला घालायची आणि जिथून निघालो तिथेच परत यायचे. पाचेक किलोमीटर, थांबत-थांबत तीन तास. गुडघे दुखणाऱ्यांनाही जमते, आठ-दहा वर्षांच्या मुलांनाही. पुढच्या महिन्यात मंडळाच्या बैठकीत जो विषय येणार आहे, त्याआधी ही फेरी सगळ्यांनी एकदा करावी असे मला वाटते. म्हणून हा लेख.

आधी आपल्या गावाच्या नावाबद्दल थोडे. हे नाव ऐकून पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात, "म्हणजे बीडकडे का?" त्यांचीही चूक नाही. मराठवाड्यात बालाघाटची डोंगररांग आहेच. 'बाला' म्हणजे फारसीत वरचा. घाटाच्या वरचा मुलूख तो बालाघाट आणि खालचा तो पाईनघाट. वऱ्हाडातही ही जोडी वापरात होती. आपला जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून तयार झाला. मुख्य ठिकाणाचे जुने नाव बुऱ्हा. म्हणजे गंमत अशी, की ज्या शहराला आज आपण बालाघाट म्हणतो ते स्वतः घाटाखाली, वैनगंगेच्या काठी आहे. खरा बालाघाट वर, परसवाडा-बैहरच्या पठारावर. गांगुलपाऱ्याचा डोंगर या दोहोंमधला उंबरठा आहे. खालचे धानाचे शेत आणि वरचे सालवन, दोन्हींच्या मधली ही जागा.

बैहर रस्त्याने निघाले की आधी भरवेली लागते. तिथल्या मँगनीजच्या खाणीमुळे रस्त्याकडेला काळे, हाताला जड लागणारे खडे सापडतात. मुलांना एक उचलून दाखवावा. या भागातल्या मँगनीजयुक्त खडकाच्या एका प्रकाराला भूशास्त्रज्ञ फर्मरने गोंड लोकांवरून 'गोंडाइट' नाव दिले, आणि ते जगभरच्या पुस्तकांत आहे. आपल्याकडच्या शाळेत मात्र ते कोणी सांगत नाही. शहरापासून साधारण चौदा-पंधरा किलोमीटरवर तलाव येतो. गाडी तिथेच लावायची.

वाट कुठून जाते हे मी इथे पावलापावलाने लिहिणार नाही. एक तर ती नकाशावर नाही. ढोरांनी आणि मोळीवाल्यांनी पाडलेली वाट आहे, दर पावसाळ्यात ती थोडी सरकते. दुसरे म्हणजे हे जंगल वन विभागाचे आहे. आधी रेंज कार्यालयात विचारायचे, कुठे जाणार आणि किती जण ते सांगायचे, आणि जवळच्या गावातला एक माणूस बरोबर घ्यायचा. त्याची दिवसाची मजुरी मोजून द्यायची. "अहो, नुसते फिरायला तर चाललोय" असे म्हणून ही पायरी गाळू नये. रूपरेषा मात्र सांगतो : पाळीवरून निघून नाल्याच्या कडेने मिश्र जंगलातून हळूहळू वर, तिथून खडकाळ मोकळ्या माळावर, माळ ओलांडून सोंडेच्या दुसऱ्या अंगाने बांबूतून खाली, आणि शेतांच्या कडेने बैलगाडीच्या वाटेवरून परत पाळीवर.

पाळीपासून जंगल लागेपर्यंत मोहाची मोठी झाडे आहेत. शेतात, बांधावर, एकटी उभी. इतर सगळे तोडून शेत केले तरी मोह कोणी तोडत नाही. मार्चच्या अखेरीपासून एप्रिलभर पहाटे फुले पडतात आणि घरातली सगळी माणसे टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. त्याच वेळी अस्वलही तिथेच येते, त्याच फुलांसाठी. म्हणून मोहाच्या दिवसांत ही फेरी नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ.

पुढे जंगल सुरू होते. ते एकाच झाडाचे नाही, म्हणूनच बघण्यासारखे आहे. साग आहे; त्याची ताटाएवढी पाने जानेवारीनंतर गळू लागतात आणि वाळल्यावर पायाखाली पापड मोडल्यासारखी वाजतात. ऐन आहे, त्याला आपल्याकडे हिंदीत साज म्हणतात. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी फाटलेली असते, एकदा पाहिली की पुन्हा विसरत नाही. तेंदू आहे, ज्याच्या पानांवर मे महिन्यात इथल्या कितीतरी घरांचे मीठ-मिरची चालते. धावडा, बेहडा, आवळा, चार. चार म्हणजे तीच, जिच्या बियांतली चारोळी आपण श्रीखंडावर पेरतो. माझी नात चारचे झाड पाहून म्हणाली, "आजोबा, म्हणजे श्रीखंडाचे झाड?" मी हो म्हटले.

साग इथे आणि साल कुठे, हा प्रश्न बरोबरच्या कोणीतरी नेहमी विचारतो. घाट चढून पठारावर गेले की सालाचे राज्य सुरू होते. सालाला ओल धरणारी जमीन लागते आणि तो कधी पूर्ण उघडा होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये जुनी पाने जाता-जाताच नवी कोवळी येतात. साग उन्हाळ्यात चक्क काटक्यांचा सांगाडा होऊन उभा राहतो. मध्य भारतात सागाचा आणि सालाचा मुलूख जिथे एकमेकांना भिडतो त्या पट्ट्यात आपला जिल्हा येतो. त्यासाठी कान्हाला जायची गरज नाही. बैहरच्या बसच्या खिडकीतूनही, घाट संपला की हे दिसते, फक्त मार्च महिना हवा आणि डोळे मिटलेले नकोत.

चढ अवघड नाही, पण वर जाताना झाडे बदलत जातात. माती पातळ होते. उंच झाडे मागे राहतात आणि सालई, मोई, आणि तो पांढऱ्या खोडाचा कुल्लू दिसू लागतो. कुल्लूला मराठीत काही ठिकाणी भुताचे झाड म्हणतात. चांदण्या रात्री तो खडकावर उभा दिसला तर कोणालाही तसेच वाटेल. ही तिन्ही झाडे खडकात मूठभर मातीवर जगणारी. ती दिसली की समजावे, खाली जमीन नाही, दगड आहे. आणि मग एका वळणानंतर झाडे एकदम संपतात.

माळ.

पहिल्यांदा आलेले लोक इथे हमखास निराश होतात. दीड तास चालून काय, तर तांबडा मुरूम, काळे दगड, गुडघ्याएवढे वाळलेले गवत, मध्येमध्ये खुरटी झुडपे. "जंगल तोडलेले दिसते," असे कोणीतरी म्हणतेच. आमच्या पहिल्या फेरीत मीच म्हणालो होतो. आणि तिथेच, त्या दगडावर बसून डबा खाताना, मंडळातर्फे या माळावर दोनशे रोपे लावण्याची कल्पना निघाली. माझीच होती, हे कबूल केले पाहिजे. खाली आल्यावर बैठकीत ठराव झाला, रोपांची किंमत काढली, फलक कसा असावा यावर तर रोपांपेक्षा जास्त चर्चा झाली. परवानगी मिळेलच असे आम्ही गृहीत धरले होते.

दुसऱ्या वर्षी आमच्याबरोबर वाट दाखवायला आलेले बाबा ढोरे चारणारे होते. माळावर पोचल्यावर आम्ही त्यांना उत्साहाने योजना सांगितली. त्यांनी ऐकून घेतले, बिडी पेटवायची म्हणून काढली होती ती परत खिशात ठेवली (गवत वाळले होते) आणि म्हणाले, "भाऊ, इथं झाडं लावाल तर ढोरं कुठी जातील?" मग थोड्या वेळाने, "आन् झाड जगंल का इथं? जगायचं असतं तं आमच्या आज्याच्या वेळीच जगलं असतं ना." आम्ही गप्प बसलो. त्या दिवशी त्यांनी जो माळ दाखवला तो मी पुढे लिहितो आहे.

गवतापासून सुरुवात केली त्यांनी. सगळे एकच वाळके गवत वाटत होते, ते तसे नव्हते. एक काडी मोडून नाकाजवळ धरायला दिली : लिंबाचा आणि गुलाबाचा मिळून असावा तसा वास. ती तिखाडी, तिलाच रोशा गवत म्हणतात. तिचे तेल काढतात, अंगदुखीवर लावतात. ढोरे तिला फारशी तोंड लावत नाहीत, पण घराच्या छपराला चालते. दुसरे कुसळी गवत. त्याची ओळख करून घ्यावी लागत नाही, तेच मोज्यात घुसून आपली ओळख देते. या कुसळाचा एक खेळ मुलांना जरूर दाखवा. वाळलेले एक कुसळ तळहातावर ठेवायचे आणि त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकायचे. पिळलेली शेपटी हळूहळू उलगडते आणि कुसळ जिवंत असल्यासारखे हातावर फिरू लागते. पाऊस पडला की बी स्वतःला असेच जमिनीत घुसवते. पेरणारा कोणी नको, नांगर नको.

झुडपांत धायटी. माघ-फाल्गुनात ती लाल नळीसारख्या फुलांनी भरते, अख्खा माळ पेटल्यासारखा दिसतो. फुलाच्या बुडाशी गोड थेंब असतो, गुराखी पोरे तो चोखतात. आयुर्वेदिक दुकानातले आसव-अरिष्ट आंबवायला हीच फुले लागतात. जमिनीलगत बुटका शिंदोळा. पावसाळ्यानंतर जमिनीखाली मुसळीचे कंद. आणि मुरुमातच, खड्यांत, टिटवी अंडी घालते. घरटे बांधत नाही, चार खडे इकडचे तिकडे करते एवढेच. अंडी खड्यांच्याच रंगाची. तित्तिर आणि लावा गवतात. चंडोल जमिनीवर राहतो आणि गाण्यासाठी आकाशात जातो. संध्याकाळी रातवा. या पक्ष्यांना झाड नको असते. झाड आले की त्यावर ससाणा, कावळा बसायला येतो आणि उघड्यावरची अंडी त्याला दिसतात. आपण सावली लावली म्हणून त्यांनी आपले आभार मानले नसते.

मग हा माळ उघडा का आहे? तोडला म्हणून? काही ठिकाणी तसेही असेल. पण मुख्य कारण पायाखाली आहे. मुरुमाचा थर इतका पातळ, की पावसाचे पाणी थांबत नाही, आणि उन्हाळ्यात खडक तव्यासारखा तापतो. त्यावर पिढ्यानपिढ्या चरणारी ढोरे, अधूनमधून लागणारा वणवा, जळणासाठी छाटलेली झुडपे. या सगळ्यांनी मिळून ही मोकळी जागा मोकळी ठेवली आहे. वणवा चांगला असे मला म्हणायचे नाही. मोहाखालची पाने जाळताना लागलेली आग दरवर्षी खालचे कोवळे जंगल होरपळून टाकते, ते आपण पाहतोच. पण गवत जळाले तरी त्याचे मूळ जिवंत राहते आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटते. झाडाच्या रोपाला ते जमत नाही. म्हणून अशा जागी गवत टिकते.

या जागेला सरकारी कागदात नाव काय, हा आपल्या भागाचा जुना गुंता आहे, आणि तो आपल्या मराठी लोकांना दोन्ही बाजूंनी लागू होतो. १९५६ पर्यंत आपण आणि नागपूर, भंडारा एकाच प्रांतात होतो, राजधानी नागपूर. त्या काळच्या मालगुजारी नोंदींत जमिनीचे प्रकार होते. 'बडे झाड का जंगल' आणि 'छोटे झाड का जंगल' हे शब्द आपल्याकडे पटवाऱ्याच्या कागदांत आजही भेटतात. छोट्या झाडाचे जंगल म्हणजे हेच : झुडपे, गवत, चराई. गावाच्या निस्ताराची जागा. गावकऱ्यांनी जळण, गवत, चारा आणावा, ढोरे न्यावीत, अशी वहिवाट. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. तिकडे याच प्रकारच्या जमिनीला 'झुडपी जंगल' म्हणतात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे आणि ती जंगल मानायची की नाही यावर कित्येक दशके भांडण चालले. शेवटी २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की झुडपी जंगल हे जंगलच आहे.

या निकालाने सगळे प्रश्न सुटले असे नाही. त्या जमिनींवर घरे आहेत, शाळा आहेत, शेती आहे. पण मला त्यातला एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. ज्याला आपण 'पडीक' म्हणून हात झटकतो, त्याच्यावर कोणाचा तरी हक्क असतो, काही तरी जगत असते. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपांची जमीनही पडीकच धरली जाते. पडीक म्हटले की मग दोनच गोष्टी सुचतात : कारखाना किंवा वृक्षारोपण. आपल्याला दुसरी सुचली, एवढाच फरक.

एक लांबचे उदाहरण देतो, कारण ते आपल्याच मंडळातून आले आहे. आमच्या एका सभासदांची मुलगी लंडनजवळ असते. ते दोघे नवरा-बायको तिच्याकडे गेले तेव्हा तिने त्यांना सरे परगण्यात हाइंडहेड नावाच्या ठिकाणी फिरायला नेले. तिथेही अशीच फेरी : थोडे जंगल, थोडा उघडा माळ, एक खोल दरी आणि वर २७२ मीटरची गिबेट टेकडी. ऑगस्टमध्ये तो माळ हीदर नावाच्या खुरट्या झुडपाच्या फुलांनी जांभळा होतो आणि लोक लांबून बघायला येतात. त्या माळातून पूर्वी मोठा हमरस्ता जात होता. २०११ मध्ये डोंगराखालून बोगदा काढून वरचा रस्ता उखडला आणि ती जागा माळाला परत दिली. आपले काका तिथे फलक वाचत उभे राहिले, कारण त्यांचा विश्वास बसेना. हा माळ निसर्गतः असाच आला नाही, हजारो वर्षांपूर्वी माणसांनी झाडे तोडून आणि पुढे ढोरे-मेंढ्या चारून तो झाला आहे, आणि तो टिकवण्यासाठी तिथे आजही मुद्दाम गुरे आणि घोडे चारतात. चराई थांबली की बर्च आणि पाइनची रोपे उगवतात आणि काही वर्षांत माळ गडप होतो. म्हणून स्वयंसेवक येऊन ही रोपे उपटतात. आपण झाडे लावायला जातो, ते उपटायला! इंग्लंडमधला असा सखल माळ गेल्या दोनशे वर्षांत चार-पंचमांशाहून अधिक नाहीसा झाला आहे, तेव्हा उरलेल्याची त्यांना किंमत कळली. आणि त्या माळावर संध्याकाळी कोण बोलतो? रातवाच. जात वेगळी, पण सवय तीच; झुडपांमध्ये उघड्या जमिनीवर अंडी घालायची.

तिथला माळ आणि आपला माळ एक नाही. तिथे थंड, ओले हवामान आणि आम्लधर्मी वाळूची जमीन. इथे चार महिने पाऊस आणि मग आठ महिने कोरडे. पण माणसाचा हात, जनावराचे तोंड आणि पातळ माती हे तिघे मिळून माळ सांभाळतात, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे.

याहून जवळचा पुरावा हवा असेल तर कान्हा आहे. मुक्की फाटकातून आत गेल्यावर सोंफ, बिसनपुरा, घोरेला अशी मोठी कुरणे लागतात. पर्यटकांना ती निसर्गाची देणगी वाटतात. ती गावे होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ही गावे उठवली गेली आणि त्यांच्या शेतांची कुरणे झाली. ज्यांची घरे गेली त्यांची गोष्ट वेगळी आणि ती इथे दोन ओळींत लिहिण्यासारखी नाही. पण त्या गवताने बारशिंगा वाचला. १९७० मध्ये कान्हात फक्त ६६ बारशिंगे उरले होते. आज ते हजाराच्या आसपास आहेत. हा प्राणी गवतच खातो, पाडसे उंच गवतात लपवतो. आणि आता कान्हातही कुरणांत झाडे-झुडपे शिरू नयेत म्हणून ती काढावी लागतात. हिवाळ्यात दरीत साचणारे दवाचे बर्फ सालाची कोवळी रोपे मारते, तेवढी निसर्गाची मदत; बाकीचे माणसाने करायचे.

डोंगरांच्या सपाट माथ्यांना आपल्याकडे 'दादर' म्हणतात, हे या निमित्ताने लक्षात आणून देतो. मुंबईच्या दादरला जाणाऱ्यांना गंमत वाटेल. बाम्हणी दादर हे नाव कान्हाला गेलेल्यांनी ऐकले असेल. सूर्यास्त बघायला गाड्या तिथे थांबतात. दादर म्हणजे वर सपाट, गवताळ. गांगुलपाऱ्याचा आमचा माळ त्याच्यापुढे अगदी लहान भाऊ.

तर माळ ओलांडला की उतार. हा भाग पावसाळ्यात करू नये, दगड शेवाळतात, आणि धबधब्याच्या वरच्या अंगाला तर कधीच जाऊ नये. उतारावर बांबूची बेटे आहेत. आपल्याकडचा बांबू भरीव, बारीक. त्याच्या सुपा-टोपल्यांवर जिल्ह्यातल्या बुरडांची कुटुंबे जगली. वाऱ्यावर बेटे एकमेकांवर घासून दार करकरल्यासारखा आवाज करतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा आमच्यातल्या एकीने माझा दंड धरला होता. खाली नाल्यापाशी वाळूत ठसे दिसतात : सांबर, रानडुक्कर, मोर. गेल्या वर्षी एक मोठा ठसा होता. बाबांनी त्याच्याभोवती काठीने गोल काढला, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "काल रातचा हाय, चला." कान्हा आणि पेंचमध्ये वाघांची जी ये-जा चालते ती आपल्याच जिल्ह्यातल्या जंगलांमधून. तेव्हा एवढे पाळायचे : सूर्य वर आल्याशिवाय निघायचे नाही, दुपारी तीनच्या आत पाळीवर परत, सहा-सात जण तरी एकत्र, मुले मध्ये, सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे मोठे माणूस. बोलत चालायचे, गाणी मात्र गाडीत. अस्वल दिसले तर पळायचे नाही, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे यायचे. आगकाडी कोणाच्याही खिशात नको. ज्यांना बिडी-सिगारेटशिवाय तीन तास निघत नाहीत त्यांनी पाळीवर बसून सतरंज्या राखाव्यात.

खाली बैलगाडीच्या वाटेवर आले की धानाची कापलेली शेते, एखादी बोडी, बोडीत बगळे. पाच मिनिटांत तलावाची पाळ. या तलावात साचलेले पाणी त्याच डोंगरावरून, त्याच माळावरून येते. आपण जे "पाणी थांबत नाही" म्हणतो ते गवताच्या मुळांमधून मुरत-मुरत इथे येऊन थांबते. माळावर खड्डे खोदून मुरूम उकरला असता तर पहिल्या पावसाचा गाळ कुठे गेला असता, हा हिशेब आमच्या अंदाजपत्रकात नव्हता.

दोनशे रोपांचा ठराव अजून रद्द झालेला नाही. पुढच्या महिन्याच्या बैठकीत तो येईल. माझे मत मी सांगून टाकतो : झाडे लावावीत, पण माळावर नाही. शहरात कितीतरी जागा सावलीवाचून आहेत. वैनगंगेच्या घाटांकडे जाणारे रस्ते आहेत, शाळांची पटांगणे आहेत. तिथे रोप लावले तर पाणी घालायला आपण असू. गावाला माळ हवा असेल तसा ठेवावा, आणि काही करायचेच असेल तर गावाला विचारून तलावाच्या पाळीवरचे प्लॅस्टिक उचलावे. त्यातले अर्धे आपल्याच सहलींचे आहे. काही सभासदांना हे पटत नाही. एकांनी मला विचारले, "झाड लावायला विरोध करणारा पहिला माणूस पाहिला." त्यांनी फेरीला यावे, एवढीच विनंती.

निघायचे ते शहरातून सकाळी सातला. पाणी माणशी दोन लिटर, वर कुठेही मिळत नाही. पायात बूट, आणि मोज्यांवर पॅन्टची घडी, कुसळांसाठी. जेवण पाळीवर परत आल्यावर; वर फक्त गूळ-शेंगदाणे. ज्यांना यायचे आहे त्यांनी आठ दिवस आधी नाव कळवावे, म्हणजे रेंज कार्यालयात यादी देता येईल आणि बाबांना निरोप पाठवता येईल.